मोटारविरहित वाटा : फ्रान्समधील सायकलमार्ग आणि आपल्या पाणंदी

शेतकीच्या मासिकात सायकलीच्या सफरीचा विषय आलेला पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. बी-बियाणे, खते, पाणी, बाजारभाव हे विषय सोडून फ्रान्स देशातील लोक कोणत्या वाटेने सायकली फिरवितात, याच्याशी चकलांब्याच्या कुणब्यास काय करावयाचे आहे ? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतकेच की, ज्या वाटांवरून ते लोक मोटारीचे भय न बाळगता दिवसचे दिवस फिरतात, त्यांपैकी पुष्कळशा वाटा नव्याने संपादन केलेल्या जमिनीवर झालेल्या नाहीत. त्या जुन्या वाटा होत. त्यांचा मूळ उपयोग संपला होता, आणि कोणीही शेजाऱ्याने हळूहळू नांगराखाली घ्याव्या अशा स्थितीत त्या पडल्या होत्या. त्या तशा जाऊ दिल्या नाहीत, एवढीच त्यातील करामत. अशा वाटा आपल्या शिवारातही आहेत, निदान होत्या. म्हणून हा विषय आम्ही शेतकऱ्याचा समजतो.

प्रथम फ्रान्सकडे पाहू. त्या देशाच्या दक्षिणेस तूलूझ शहरापासून भूमध्य समुद्राच्या बाजूस सुमारे २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा गेला आहे. त्यास कनाल द्यु मिदी म्हणजे दक्षिणेचा कालवा म्हणतात. चौदाव्या लुई राजाच्या अमदानीत, १६६६ साली, प्येर-पोल रिके नावाच्या मिठाच्या कराच्या मक्तेदाराने तो खणावयास घेतला व १६८१ साली तो पुरा झाला. रिके त्यापूर्वी काही महिनेच, १६८० साली, वारला. आपला पैसा त्यात ओतून काम तडीस गेलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. हा कालवा भिजवणीसाठी नव्हे, तर माल वाहून नेणाऱ्या नावांसाठी काढला होता. मध्ये नोरूझ या ठिकाणी १८९ मीटर उंचीची खिंड आहे. तेथवर नावा चढाव्यात म्हणून दारे असलेले हौद एकापुढे एक बांधले; हौदात नाव घ्यावयाची, दार लावावयाचे, पाणी भरून नाव वर उचलावयाची, आणि पुढील दार उघडावयाचे. खिंडीच्या माथ्यावर पाणी पाहिजे म्हणून डोंगरातील झरे व ओढे अडवून, सें-फेरेओल येथे मातीचे मोठे धरण घालून, पाट काढून ते पाणी तेथवर आणिले. धरण आणि पाट म्हणजे काय, हे पैठणच्या खालील शेतकऱ्यास निराळे समजावून सांगावयास नको.

नावा घोडे ओढीत. घोडा काठावरून चालावयाचा, दोर नावेस बांधलेला. त्यासाठी कालव्याच्या काठाने अखंड वाट राखावी लागे. ती वाट सपाट असणे भागच होते, कारण पाणी जसे एका पातळीत राहते तशीच त्याच्या काठची वाटही राहते. चढ लागावयाचा तो फक्त हौदांच्या जागी, आणि तोही काही हातांचा. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, नावांना यंत्रे बसली. घोडे गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कालव्यावरील मालाची वाहतूकही बंद पडली. राहिली ती वाट. ज्या कारणाने ती घोड्यास सोयीची, त्याच कारणाने ती सायकलीसही सोयीची ठरली. तूलूझपासून नोरूझच्या खिंडीपर्यंतचा भाग चांगला डांबरी करण्यात आला आहे व त्यावर मोटारीस मज्जाव आहे. तूलूझहून उलट दिशेस अटलांटिक महासागराच्या बाजूला गेलेला गारोन नदीच्या काठचा दुसरा कालवा सुमारे १९३ किलोमीटरांचा. त्याच्याही काठाने असाच मार्ग आहे. दोन्ही कालवे जोडले की एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जवळजवळ पाण्याच्या सोबतीने जाता येते.

मात्र तेथे सर्वत्र गुळगुळीत आहे असे वाचकांनी समजू नये. खिंड ओलांडून पूर्वेस गेले की दक्षिणेच्या कालव्याची वाट बऱ्याच ठिकाणी अजून मातीची आहे. झाडांची मुळे वर आलेली, पावसात चिखल, आणि कोठे कोठे सायकल हातात धरून चालावे लागेल अशी. या झाडांचीही एक हकीकत शेतकऱ्याने ऐकण्याजोगी आहे. काठाने सुमारे ४२,००० चिनाराच्या जातीची झाडे उभी होती. त्यांची मुळे काठ धरून ठेवीत व सावलीने पाण्याची वाफ कमी होई. २००६ साली त्यांवर बुरशीचा एक रोग आढळला. झाडाच्या जखमेतून बुरशी आत शिरते, पाणी वाहणाऱ्या शिरा बंद पडतात, आणि काही वर्षांत झाड उभे वाळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेबरोबर आलेल्या लाकडी खोक्यांतून हा रोग युरोपात शिरला असे मानतात. खात्रीचा इलाज सापडला नाही; रोगट झाडे तोडून जाळणे हाच उपाय. हजारो झाडे गेली आणि त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लाविली जात आहेत, कारण एकाच जातीच्या रांगा लावण्याचा धोका आता कळून चुकला. हे विषयांतर झाले खरे. पण कपाशीवर कपाशी घेणाऱ्या आम्हांस ते केल्यावाचून राहवले नाही.

दुसऱ्या प्रकारची वाट म्हणजे बंद पडलेला लोहमार्ग. फ्रान्समध्ये लहान लहान गावांस जोडणारे पुष्कळ लोहमार्ग होते. मोटारी वाढल्या तसे ते तोट्यात जाऊन बंद झाले. रूळ उखडून विकले, पण खालची पट्टी राहिली. बुर्गुंदी प्रांतात झिव्री ते क्ल्युनी या गावांमधील अशा पट्टीवर १९९७ साली चव्वेचाळीस किलोमीटरांचा पहिला 'हरित मार्ग' उघडण्यात आला. तेथील जिल्ह्याच्या लोकनियुक्त मंडळाने तो केला. आगगाडीस मोठा चढ चालत नाही, म्हणून हाही मार्ग सपाट. दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मळे. पुढे तो दक्षिणेस वाढविला तेव्हा वाटेत दीड किलोमीटरहून लांब असा जुना बोगदा लागला. त्यात वटवाघळांचे वास्तव्य आहे. ती हिवाळ्यात निजून असतात म्हणून थंडीत बोगदा बंद ठेवितात, आणि सायकलवाल्यांनी डोंगरावरून वळसा घालून जावयाचे असते. वटवाघळासाठी वाट अडविलेली ऐकून आपल्याकडे हसू येईल. पण शेजाऱ्याच्या रागापायी पाणंद अडविण्यापेक्षा हे कारण आम्हांस पुष्कळ सयुक्तिक वाटते. २००४ साली तर 'हरित मार्ग' ही संज्ञा तेथील रहदारीच्या कायद्यातच घातली गेली : यंत्राने चालणाऱ्या वाहनांस बंदी, आणि पादचारी, सायकलस्वार व घोडेस्वार यांस मोकळीक.

बंद पडलेल्या लोहमार्गाचा धडा आपल्या जिल्ह्यास गैरलागू आहे, हे सांगावयास नको. बीड शहरास पहिली आगगाडी २०२५ च्या सप्टेंबरात दिसली. ती बंद पडून तिच्या पट्टीवर सायकली चालाव्यात अशी इच्छा कोण धरील!

तिसरा प्रकार आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. लोआर नदीच्या काठाने समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरांचा सायकलमार्ग आखला आहे. तो सर्व स्वतंत्र बांधलेला नाही. कोठे नदीच्या पुरापासून गावे वाचविण्यासाठी पूर्वी घातलेल्या मातीच्या बांधावरून, कोठे शेतात जाणाऱ्या वाटेने, कोठे दिवसातून चार मोटारीही न जाणाऱ्या खेड्याच्या सडकेवरून तो जातो. नवे केले ते मुख्यतः इतकेच की, प्रत्येक फाट्यावर पाटी लाविली, तुटलेले दुवे जोडले, आणि जेथे मोठी सडक ओलांडावयाची तेथे सुरक्षित सोय केली. एका गावाची वाट पुढच्या गावाच्या वाटेस मिळाली की तिचा मार्ग होतो, आणि मध्ये शंभर हात जरी तुटली तरी ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

या मार्गांवरून फिरणारे सगळे श्रीमंत हौशी, अशीही समजूत होऊ नये. १९३६ साली तेथील सरकारने कामगारांस वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली. ती मिळताच कारखान्यांतील हजारो मजूर, कित्येक नवराबायको एकाच जोडसायकलीवर बसून, खेडोपाडी निघाले. सायकल हेच गरिबाचे वाहन. आजही दिवसास साठसत्तर किलोमीटर काटून सायंकाळी ते एखाद्या खेड्यात मुक्कामास राहतात. जो घरमालक वा शेतकरी त्यांस उतरवून घेतो, सायकल ठेवण्यास कुलपाची जागा, दुरुस्तीची हत्यारे व सकाळी भरपूर न्याहारी देतो, त्यास एक मान्यतेची खूण मिळते. अट अशी की त्याचे घर सायकलमार्गापासून पाच किलोमीटरांच्या आत असावे. अशा रीतीने वाटेचा पैसा वाटेकाठच्या गावात पडतो. भरधाव मोटारीने जाणारा मनुष्य खेड्यात पेट्रोलाखेरीज काही घेत नाही. सायकलवाल्यास मात्र दर दोन तासांनी भूक लागते.

आणि फ्रान्सवाल्यांनी काही गमाविलेच नाही, असेही नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. ट्रॅक्टरास लांब तास मिळावेत म्हणून वावरांमधील कुंपणे, झाडांच्या रांगा व शेतवाटा मोडून टाकिल्या. धान्य वाढले, पण पुष्कळ ठिकाणी वाटा कायमच्या गेल्या आणि त्यांचा पश्चात्ताप तेथील गावे आता करीत आहेत. आपल्याकडेही १९४७ च्या कायद्याप्रमाणे तुकडेबंदी व एकत्रीकरण आले, सर्व्हे नंबरांचे गट झाले. जेथे ते झाले तेथे जुन्या नकाशावरील वाट नव्या गटाच्या कोणत्या अंगास गेली, हा वाद कित्येक गावांत अद्याप मिटलेला नाही.

आता आपल्या शिवारात येऊ. चकलांबा हे गाव गेवराई तालुक्याच्या पश्चिम भागात, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या शिवेकडे आहे. गोदावरी उत्तरेस, गाव मात्र वरच्या अंगास. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला व १९७६ साली ते श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा उजवा कालवा १३२ किलोमीटरांचा असून तो आमच्या गावाच्या उत्तरेकडून, गेवराई तालुक्यातून, माजलगावच्या जलाशयाकडे जातो. कालव्याच्या भरावावर पाहणीसाठी रस्ता राखलेला आहे. पाणी हळू वाहावे म्हणून कालव्यास उतार अगदी थोडा देतात. म्हणून हा रस्ताही दक्षिणेच्या कालव्याच्या वाटेइतकाच सपाट. फ्रान्समध्ये ज्यासाठी लोक दुरून येतात, ती वस्तू आपल्या उशाशी आहे !

गेल्या कार्तिकात आम्ही सायकल घेऊन तो पाहावयास निघालो. सायकल जुनी, रुंद चाकांची, मागे सामान बांधण्याची जाळी असलेली. पहाटेची थंडी होती, ज्वारी गुडघ्यास लागली होती, आणि काही कोसांपर्यंत एकही मोटार भेटली नाही. भरावावर मुरूम चांगला दाबलेला होता तेथे सायकल आपणहून पळे. डाव्या हातास पाणी, उजव्या हातास खाली ऊस व गहू. एका मोरीपाशी बगळे बसले होते ते आमच्या येण्याने उठले नाहीत, इतकी ती वाट निवांत होती. राष्ट्रीय महामार्गावरून गेवराईस जाताना मालमोटारींच्या झोताने सायकलस्वारास सडकेखाली उतरावे लागते. त्याची आठवण झाली की हे सुख काय आहे ते कळते. पैठणहून पंढरपुरास जाणाऱ्या नाथांच्या पालखीची वाटसुद्धा आता राष्ट्रीय महामार्गात गेली. रस्ता रुंद झाला हे चांगलेच. पण पायी चालणारास व सायकलीस पूर्वीची निर्धास्ती राहिली नाही.

परंतु हा आनंद अखंड टिकला नाही. एके ठिकाणी उपसा करणाऱ्यांनी आपले नळ रस्त्यावरून आडवे नेले होते व त्यासाठी खणलेले चर तसेच सोडले होते. पुढे काढलेल्या गाळाचे ढीग. त्याहून पुढे वेड्या बाभळीने दोन्ही बाजूंनी रस्ता गिळला होता. त्या काट्यांनी आमच्या मागच्या चाकास दोन भोके पाडिली. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्यासाठी कालव्यात उतरावे लागले, आणि तेव्हा ध्यानात आले की काठाचा उतार किती घसरता आहे. मुलांना या वाटेने एकटे पाठविण्यापूर्वी ही गोष्ट विसरता येणार नाही. जेथे भराव अरुंद आहे तेथे पाण्याच्या अंगास दगडांची ओळ तरी पाहिजे.

कालव्याचा रस्ता सरकारी खात्याचा. त्यावर आपला अधिकार विनंतीपुरताच. पाणंदीची गोष्ट तशी नाही. आपल्या बोलीत जिला पांदण म्हणतात ती दोन वावरांमधील गाडीवाट, हीच खरी आपली मोटारविरहित वाट. चकलांब्याच्या भोवती शेतांतून वस्त्या आहेत. वस्तीवरील मुलांनी गावातील शाळेत यावयाचे ते या पांदणींनी. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींस सायकली देण्यात येतात. योजना उत्तम. पण काळ्या रानातील पांदणीत मृगापासून आश्विनापर्यंत सायकल चालत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, चाक व त्यावरील पत्रा यांच्यामध्ये लिंपली जाते, आणि वीस हातांवर चाक फिरेनासे होते. मग मुलगी काय करते ? सडकेकडेच्या एखाद्या ओळखीच्या घरी सायकल ठेविते, चपला हातात घेऊन चिखलातून वस्तीवर जाते, आणि सकाळी पुन्हा पाय धुऊन सायकलीवर बसते. आम्ही अशा एका मुलीस विचारले की पावसाळ्यात किती दिवस शाळा बुडते. ती म्हणाली, "शाळा नाही बुडत, काका. पहिला तास बुडतो." तो तास गणिताचा होता.

त्याच पांदणीच्या तोंडाशी एक वृद्ध गृहस्थ बांधावर बसले होते. आम्ही सायकल टेकवून रामराम घातला व वाटेचा विषय काढला.

"बापू," ते म्हणाले, "माझ्या आज्याच्या वक्ताला हितून दोन गाड्या शेजारी शेजारी जायच्या. बैलं एकमेकांकडं बघायची बी नाहीत. आता एक औत जाताना कपाशीची बोंडं मोडत्यात, आन् त्यावरून भांडणं."

"मग वाट गेली कोठे, तात्या ?"

"कुठं जाती ? ती काय पाखरू हाय ? ह्या बाजूच्या वावरात निम्मी, त्या बाजूच्या वावरात निम्मी. दर साली एक तास. कोणी एका दिवसात न्हाई नेली."

याहून नेमके वर्णन कोणत्याही मोजणीदारास करता आले नसते. दर साली एक तास ! नांगराचा एक तास म्हणजे वीतभर. दोन्ही अंगांनी वीत वीत गेली की आठ वर्षांत बारा हातांची पांदण चार हातांची होते, आणि चोरी केल्याची जाणीव एकाही वर्षी कोणास होत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. गावच्या नकाशावर जी वाट दुहेरी तुटक रेघेने दाखविलेली असते ती गाडीवाट. तिच्यावर नांगर घालणे हे अतिक्रमण होय. एकेरी तुटक रेघ ही पाऊलवाट. वाट अडविली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे तहसीलदार अडथळा दूर करवू शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, हे पुष्कळांस ठाऊक नसते व मुदत निघून जाते. वाटच नसेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाप्रमाणे बांधावरून वहिवाट मागता येते. २०२१ साली राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखाली पाणंदी मजबूत करण्याचे काम रोजगार हमीस जोडले, आणि २०२५ साली महसूल खात्याने असे ठरविले की शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी. ही नोंद आम्ही सर्वांत मोलाची मानतो. मुरूम एका पुराने वाहून जाईल. नोंद वाहून जात नाही.

परंतु कायद्याने मिळालेली वाट व शेजाऱ्याच्या मनाने मिळालेली वाट यांत अंतर आहे. हुकूमाने उघडलेली पांदण पुढच्या पेरणीस पुन्हा अरुंद होऊ लागते, हे ज्याने पाहिले नाही असा शेतकरी विरळा. म्हणून हिशेब मांडून पाहणे बरे. समजा, पांदणीस लागून आपले वावर दोनशे मीटर लांब आहे आणि वाट तीन मीटर रुंद करावयाची आहे. क्षेत्र सहाशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी निम्मे निम्मे सोडले तर प्रत्येकी तीन गुंठे. कोरडवाहू कपाशी एकरी सात क्विंटल धरली तरी तीन गुंठ्यांची कपाशी अर्ध्या क्विंटलाच्या आसपास. आता दुसरी बाजू : वाट नाही म्हणून वेचलेली कपाशी डोक्यावरून सडकेपर्यंत आणण्याची मजुरी किती ? पावसात सापडून ओली झाली तर भाव किती पडतो ? ट्रॅक्टरवाला आत येण्यास नाकारतो तेव्हा खताची पोती कशी जातात ? आजारी माणसास वस्तीवरून बाजेवर घालून आणावे लागते, त्याचा तर हिशेबच मांडू नये. हा अर्धा क्विंटल कितीही पारखून पाहिला तरी वाटेच्या पारड्यापेक्षा जड होत नाही.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या बांधाविषयी लिहिले. हा लेख लिहावयास घेण्यापूर्वी आम्ही गावच्या नकाशाची नक्कल काढून आणिली होती, ती केवळ उदाहरण देता यावे म्हणून. त्यावर आमच्या वावराच्या पश्चिमेस दुहेरी तुटक रेघ आहे. फीत धरून मोजले. आमच्या अंगाने पाच हात वाट आमच्या वावरात आलेली निघाली. त्यात कडब्याची गंज होती, शेवग्याची दोन झाडे होती, आणि वडिलांनी लाविलेले एक लिंबाचे झाड होते. वडील भांडखोर नव्हते. आम्हीही कोणाशी भांडल्याचे आठवत नाही. पण दर साली एक तास, हा हिशेब आमच्याही घरी चालू होता, आणि वर उल्लेखिलेली मुलगी ज्या पांदणीने येते ती हीच पांदण.

पौषात आम्ही गंज हलविली व शेवगे काढले. समोरच्या शेजाऱ्यास आधी काही सांगितले नाही. आपला बांध आधी मागे घ्यावा आणि मग बोलावे, असे ठरविले होते. आठ दिवस त्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. नवव्या दिवशी ते फीत मागावयास आले. त्यांच्या अंगाने सात हात निघाले. त्यावर आमच्या पाच हातांचा उल्लेख करून ते हसले, आणि आम्हीही. पुढील दोन शेतकरी अद्याप राजी नाहीत. एकाने मोजणीची फी कोण भरणार असे विचारले आहे व दुसऱ्याने उत्तरच दिलेले नाही. त्यामुळे वाट सध्या आमच्या वावरापासून सडकेच्या बाजूस सुमारे तीनशे मीटर मोकळी आहे, आणि वस्तीच्या बाजूस पूर्ववत अरुंद.

मुरूम टाकण्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण येथेच पुष्कळ गावांचा खर्च फुकट जातो. काळ्या मातीवर नुसता मुरूम ओतला तर पहिल्या पावसाळ्यात तो मातीत बुडतो. प्रथम वरची काळी माती खरवडून दोन्ही बाजूंस ओढावी व तिचीच नाली करावी. मध्यभाग कासवाच्या पाठीसारखा उंच ठेवावा. त्यावर जाड दगडगोट्यांचा थर, मग मुरूम, पाणी मारून रोलर फिरवावा. जेथे ओघळ आडवी येते तेथे नळाची मोरी घालावी, नाही तर पाणी आपली वाट स्वतः करील. सायकलीचे व बैलगाडीचे ओझे अशी वाट पुष्कळ वर्षे सोसते. उसाने भरलेल्या ट्रॉल्या मात्र ओल्या मुरमावरून नेल्यास एका दिवसात दोन चाकोऱ्या पडतात व त्यांत पाणी साचते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर चार दिवस जड वाहन न नेण्याचा करार शेजाऱ्यांनी आपसात करावा. ग्रामसभेत तो लिहून ठेवला तर अधिक बरे. आणि वेडी बाभूळ दर साली मुळासकट काढावी. सायकलीचा खरा शत्रू चिखल नव्हे, काटा.

फ्रान्सप्रमाणे परदेशी प्रवासी आमच्या पांदणीने येऊन वस्तीवर मुक्काम करतील, असे स्वप्न आम्ही पाहत नाही. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, आणि पैठणहून कालव्याच्या काठाने येणारे शहरी सायकलस्वार उद्या एखाद्या मळ्यात भाकरी मागतील, हे अशक्य नाही; ज्यास सोय असेल त्याने ती जरूर करावी. पण आमची घाई निराळी आहे. मृग नक्षत्रापूर्वी मोकळ्या झालेल्या तीनशे मीटरांवर मुरूम पडावयाचा आहे. चैत्रात ग्रामसभा आहे, तीत उरलेल्या दोघांपुढे नकाशा ठेवणार आहो. लिंबाचे झाड अद्याप उभे आहे. ते वाटेच्या ऐन मध्यावर येत नाही, कडेस येते; गाडी त्यास वळसा घालून जाऊ शकते की नाही हे पाहण्यासाठी आम्ही परवा शेजाऱ्यांची बैलगाडी मागून घेतली होती. ती गेली, पण आख बुंध्यास चाटून गेला.